हुकूम देण्याआधी पाय बघा

आमच्या चर्चमध्ये लहान ख्रिस्ती समूहांचे नवे प्रमुख नुकतेच निवडले. बहुतेक पंचविशी-तिशीतली मुलं-मुली. त्यांतले तिघे परवा तिन्हीसांजेला माझ्या खळ्यात येऊन बसले. "काका, दहा-बारा घरं सांभाळायची कशी? कोण ऐकतच नाय." मी बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे फौजेच्या पूल-रस्ते बांधणाऱ्या पलटणीतून, हवालदार म्हणून निवृत्त झालो. भरती होण्याआधी मालवणच्या किनाऱ्यावर वडिलांबरोबर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायचो. या दोन ठिकाणी जे शिकलो तेच त्यांना सांगितलं, आणि तेच इथे लिहितो.

सुरुवात पायांपासून करा.

लडाखमध्ये आम्ही एका नाल्यावर पूल टाकत होतो. दहा जणांचा सेक्शन माझ्याकडे नवाच आला होता. एक पोरगा सलग दोन दिवस फॉलिनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, उशिरा आला. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं, पाठीवर भरलेली पिशवी, पिट्टू, चढवून पळायला लावलं. तो एका शब्दाने बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला बूट काढता येईनात. ओल्या मोज्यांत पायाची बोटं काळी पडली होती. त्यातली दोन पुढे कापावी लागली. मी त्याला ओरडलो, पण त्याचे पाय बघितले नव्हते. ते ओझं आजही माझ्यावर आहे, आणि फादरकडे पापांची कबुली देताना, प्रत्येक कुमसारात, ते आठवतं.

त्यानंतर रोज रात्री तंबूत मी टॉर्च घेऊन बसायचो. प्रत्येकाला बूट-मोजे काढायला लावायचो आणि एकेक पाऊल हातात घेऊन दाबून बघायचो. नुसतं विचारून भागत नाही. थंडीने बधिर झालेलं बोट दुखत नाही, म्हणून ज्याचं बोट त्यालाच कळत नाही. वाडीतही हेच असतं. ज्या घराची सर्वात जास्त ओढाताण चालू असते, ते घर बैठकीत तोंड उघडत नाही.

म्हणून पहिला महिनाभर एकही बैठक घेऊ नका. प्रत्येक घरी एकदा जाऊन या. हातात पावतीपुस्तक नको, वर्गणीचा विषय नको. पडवीत बसा, चहा घ्या आणि बघा. कुणाची होडी ऐन हंगामात वर ओढून ठेवलीय, कुणाचा मुलगा जहाजावर आहे आणि म्हातारी एकटीच आहे, मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, कोण येईनासं झालंय. घरी आल्यावर वहीत लिहून ठेवा. ती वही कुणाला वाचून दाखवायची नाही. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात तेव्हा एवढं लक्षात आणा, की योहानाच्या शुभवर्तमानात येशूने पाय धुतले तेव्हा त्याला धरून देणारा यहूदा अजून त्याच खोलीत होता. तुमच्या यादीतही एखादं घर असेल, ज्याची पायरी चढायला मन तयार होत नाही. तिथे सर्वात आधी जा.

आता काम कसं उचलायचं ते सांगतो. बेली पूल म्हणजे लोखंडी चौकटी जोडून उभा करायचा फौजी पूल. त्याची एक चौकट दहा फूट लांब आणि पाच फूट उंच असते, वजन अडीचशे किलोच्या वर. सहा जणांनी दांड्यांवर घेऊन ती उचलायची. एकाच्या उंचीत फरक असला की सगळा भार दुसऱ्याच्या खांद्यावर येतो, म्हणून आम्ही सारख्या उंचीच्या जोड्या लावायचो. हुकूम देणारा स्वतः दांडीला हात लावत नाही. सगळ्यांचे हात आणि चेहरे दिसतील अशा जागी तो उभा राहतो, सहाही हात नीट बसले की मग "उठाओ" म्हणतो. तुम्हीसुद्धा काम वाटताना जोड्या बघून लावा. हिशेबात पक्की असलेली बाई आणि घरोघर फिरणारा मुलगा दोन्ही लागतात, पण दोघांवर एकसारखंच ओझं टाकू नका. काम सांगून झालं की फौजेत विचारतात, "कोई शक?" सगळे "नहीं" म्हणतात. माझा त्यावर विश्वास नव्हता. एकाला उभा करून सांगितलेलं परत म्हणायला लावायचो. निम्म्या वेळा भलतंच बाहेर यायचं, आणि चूक बहुधा माझ्या सांगण्यात असायची.

रापणीत याची दुसरी बाजू कळते. होडी जाळं टाकत अर्धवर्तुळ करून येते, आणि दोन्ही टोकांचे दोर धरून किनाऱ्यावर माणसं ओढतात. एक बाजू जोरात गेली की जाळं तिरकं होतं, मासळी निसटते. वडील म्हणायचे, "वढूक लागलंस, काय बाजूवाल्याच्या हातार बघ." जोर लावणाऱ्या तरण्या पोरांना थांबवणं हेच तिथलं अवघड काम. समूहातही उत्साही माणसाला आवर घालावा लागतो, पण तो चारचौघांत नाही. भाऊ चुकला तर आधी एकांतात सांग, असं मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे. मी त्या पोराच्या बाबतीत नेमकं उलटं केलं होतं.

जेवणाचं थोडक्यात: फौजेच्या लंगरात माझं ताट सर्वांत शेवटी भरायचं. मे महिन्यात खुरसाकडे, वाडीतल्या क्रूसापाशी, लदीन ही प्रार्थना होते, मग चणे वाटतात. प्रमुखाने द्रोण शेवटी घ्यावा. चणे संपले तर संपले.

सणाची रजा मात्र नीट समजून घ्या. कोकणातल्या प्रत्येक जवानाला गणपतीला घर हवं असतं. मी ख्रिस्ती, म्हणून त्या दिवसांतल्या रात्रीच्या ड्युट्या आपणहून मागून घ्यायचो. नाताळात माझ्या जागी कोण उभं राहील हे मी कधी विचारलं नाही, तरी बहुतेक वर्षी कुणीतरी उभं राहिलं. एका वर्षी कुणी राहिलं नाही, तेव्हा संत्री पोस्टवरच मनात मिस्सा म्हटली. वाडीत गणपतीत शेजाऱ्यांच्या घरी मदतीला माणसं लागतात. समूहाची बैठक त्या आठवड्यात ठेवू नका.

सगळं एकट्याने करू नका. बायबलमधला मोशे वाळवंटात सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसायचा. त्याचा सासरा इथ्रो म्हणाला, असा तूही थकशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. हे निर्गमच्या अठराव्या अध्यायात आहे. दहांचा सेक्शन त्या वाळवंटातही होता हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. तुमची बारा घरं असतील तर चार-चार घरांमागे एक माणूस नेमा, आणि त्याने ठरवलेलं पुन्हा बदलू नका.

प्रार्थनेत काय म्हणायचं, हेही एकाने विचारलं. मिस्सात भाकर घेण्याआधी आपण म्हणतो की तू माझ्या छपराखाली यावंस एवढी माझी लायकी नाही, तू फक्त शब्द बोल. हे मूळचं एका फौजी माणसाचं वाक्य आहे, कफर्णहूमच्या रोमन शतपतीचं. तो स्वतःसाठी काही मागायला गेला नव्हता, घरी आजारी पडलेल्या चाकरासाठी गेला होता. आणि तो म्हणाला, मीही कुणाच्या तरी हुकुमाखाली आहे. रात्री झोपण्याआधी वहीतलं एकेक नाव घ्या, आणि त्या नावापुढे हेच वाक्य म्हणा. बारा घरांना दहा मिनिटं पुरतात.

मुदत संपली की चार्ज नीट द्या. नव्या प्रमुखाला बरोबर घेऊन बाराही घरं पुन्हा फिरा, प्रत्येक उंबऱ्यावर त्याची ओळख करून द्या. हिशेबाचं पुस्तक त्याच्या हातात द्या. ती दुसरी वही देऊ नका, चुलीत घाला. पाय त्याचे त्याने बघायचे आहेत.