डेटाबेसमधल्या नोंदींना आयडी १ पासून द्यायचा की सरळ यूयूआयडी (कुठेही बनवला तरी सहसा दुसऱ्याशी न जुळणारा लांबलचक आयडी)?

कोथरूडच्या एका फराळवाल्यांना बिलिंग सॉफ्टवेअर करून दिलं होतं, मग त्यांनी हडपसरला दुसरं दुकान टाकलं, तिकडे मी तोच सेटअप कॉपी मारला आणि वर्षभराने मालक म्हणाले, दोन्हीकडचा डेटा एकत्र करा. झालं! ग्राहकांचा आयडी दोन्हीकडे १ पासून, ऑर्डरमध्ये नुसतं ४१२ लिहिलेलं, त्यामुळे कोथरूडच्या एका आजींच्या खात्यावर हडपसरच्या कुणाची तरी ५ किलो चकलीची उधारी चढली. ऐन दिवाळीत दोन रात्री तेच निस्तरत बसलो.

तर आधी बघा की रो (टेबलातली एक नोंद) तयार कुठे होते. सगळं एकाच डेटाबेसमध्ये होत असेल तर उगाच डोकं लावू नका, ऑटो इन्क्रिमेंट (१, २, ३ असा आपोआप वाढणारा आयडी) घ्या, फक्त बिगइंट (मोठ्या पूर्णांकाचा प्रकार) घ्या कारण साधा इंट २१४ कोटींच्या आसपास संपतो. पण दोन दुकानं, नेट नसताना चालणारं मोबाईल अ‍ॅप, असं काही असेल तर यूयूआयडी, कारण तो सर्व्हरला न विचारता जागेवरच बनवता येतो.

आता यूयूआयडी म्हणजे डोळे झाकून व्ही४ (आवृत्ती ४) नाही हं. तो पूर्ण रँडम, मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनमध्ये रो प्रायमरी कीच्या (इथे आयडीच्या) क्रमानेच ठेवलेल्या असतात, मग प्रत्येक नवीन रो कुठेतरी मध्येच घुसते, पेज (डेटा ठेवायचे ठोकळे) फुटतात, आणि वर प्रत्येक सेकंडरी इंडेक्समध्ये (इतर कॉलमवरून शोधायच्या सूचीत) त्या कीची कॉपी. त्यात लोक तो ३६ अक्षरांचा टेक्स्ट म्हणून ठेवतात, अरे १६ बाइटचं काम आहे ते! व्ही७ घ्या, २०२४ च्या आरएफसी ९५६२ या स्टँडर्डमध्ये आलाय, सुरुवातीचे ४८ बिट मिलिसेकंदातली वेळ असते म्हणून नवीन रो साधारण शेवटीच जातात. पोस्टग्रेस १८ या डेटाबेसमध्ये तर तो बनवणारं फंक्शन तयारच आहे. फक्त रो कधी बनली ते त्यातून कळतं, तेवढं चालत असेल तर.

आणि यूयूआयडीचा अंदाज बांधणं अवघड आहे म्हणून परमिशन चेक (नोंद बघायचा हक्क आहे का ते तपासणं) सोडायचा नाही, तो असलेली लिंक फॉरवर्ड व्हायला कितीसा वेळ लागतो.

बिल नंबर मात्र वेगळाच ठेवा, को-४१२, ह-४१२ असा. फोनवर ३६ अक्षरं कोण वाचून दाखवणार?

आधीच घोळ झाला असेल तर मर्ज करायच्या आधी, दोन्ही डेटाबेस वेगळे असतानाच, ग्राहक टेबलात यूयूआयडीचा कॉलम भरा, जुन्या आयडीवर जॉइन करून (दोन्ही टेबलं जुळवून) तो ऑर्डरमध्ये उतरवा, मग एकत्र करा. जुना आयडी आणि दुकान हे दोन कॉलम उडवू नका, लोक अजून गेल्या दिवाळीची बिलं घेऊन काउंटरवर येतात.