निरोप पोचतो कसा आणि अडतो कुठे

मजकूर लिहायला घेण्याआधी पाच प्रश्नांची उत्तरं कागदावर काढा: कोण सांगतंय, काय सांगतंय, कोणत्या माध्यमातून, कोणाला आणि त्यातून काय घडायला हवं. हॅरल्ड लासवेल या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाची ही १९४८ सालची मांडणी. उत्तरं मात्र उलट्या क्रमाने लिहा, परिणामापासून. ‘सर्वांना माहिती देणे’ हा परिणाम नव्हे. ‘शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत प्रत्येकाने अर्ज भरून द्यावा’ हा परिणाम, कारण तो झाला की नाही ते तपासता येतं.

मग ग्राहक, म्हणजे निरोप घेणारा. सांगणारा आणि ऐकणारा यांचा अनुभव जेवढा सामाईक, तेवढंच बोलणं पोचतं. मजकूर पाठवण्याआधी त्या गटातल्या एकाला वाचायला द्या आणि ‘आता काय करायचं ते सांगा’ म्हणा. ‘समजलं का?’ विचारू नका. त्याला उत्तर ‘हो’ असंच येतं.

१९४८ मध्येच क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने टेलिफोनच्या तारांचा विचार करताना ‘गोंगाट’, म्हणजे वाटेत निरोप बिघडवणारी गोष्ट, ही कल्पना मांडली. माणसांच्या संवादात तो तीन ठिकाणी शिरतो: कानाडोळ्यांपाशी (खराब आवाज, पुसट छपाई), शब्दांच्या अर्थामध्ये (संदिग्ध शब्द) आणि मनात (राग, घाई, पूर्वग्रह). त्यावर शॅनन यांच्याच विचारातून निघणारा उपाय म्हणजे मोजकी पुनरुक्ती. तारीख आणि वार दोन्ही लिहा. एक चुकलं तर दुसऱ्यामुळे चूक लगेच उघडी पडते. ‘१२ वाजता’ नको, ‘दुपारी १२ वाजता’ हवं. ‘उद्या’ तर लिहूच नका. निरोप दुसऱ्या दिवशी वाचला की अख्खा कार्यक्रम एक दिवस पुढे सरकतो.

आता माध्यम. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि फसतात. वाद, नाराजी, दोन अर्थ निघतील असा विषय असेल तर समोरासमोर बोला, निदान फोन करा. चॅटवर सूर पोचत नाही आणि भांडण लांबतं. आकडे, पत्ते, मुदती मात्र फक्त तोंडी सांगू नका, हवेत विरतात. दोन्ही असेल तर आधी बोला, मग ठरलेलं चार ओळींत लिहून पाठवा.

माध्यमाची मापंही ठाऊक हवीत. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात: रोमन लिपीतली १६० अक्षरं, देवनागरीतली फक्त ७० चिन्हं. मात्रा आणि हलन्तही (जोडाक्षरातली पाय मोडल्याची खूण) वेगळे मोजले जातात, म्हणून ‘स्त्री’ हा शब्द सहा जागा खातो. सत्तरच्या पुढे गेलात की संदेशाचे ६७-६७ चिन्हांचे तुकडे होतात. तेव्हा कृती आणि वेळ आधी, नमस्कार-चमत्कार नंतर.

(‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के’ हे वाक्य प्रशिक्षणांत सर्रास फेकलं जातं. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला, पण ते प्रयोग भावना आणि आवड-नावड व्यक्त करण्यापुरते होते. सूचनापत्राला ते लागू नाहीत.)

वृत्तपत्र, रेडिओ, टीव्हीकडे वळलात की दोन गोष्टी बदलतात: प्रतिसाद उशिरा येतो आणि मधे द्वारपाल उभा राहतो. कोणती बातमी आत घ्यायची हे संपादक ठरवतो. म्हणून प्रसिद्धिपत्रकाच्या पहिल्या परिच्छेदातच कोण, काय, कधी, कुठे, का हे सगळं आलं पाहिजे. जागा कमी पडली की कात्री खालून लागते. पाहुण्यांची नावं वर आणि मूळ बातमी तळाला असेल, तर नेमकी बातमीच कापली जाते. शिवाय छापून आलं म्हणजे पटलं असं नव्हे. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९४० च्या अमेरिकी निवडणुकीतल्या मतदारांचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमांतला विचार पुष्कळदा ओळखीच्या जाणत्या माणसांमार्फत इतरांपर्यंत झिरपतो असं दिसलं. प्रसिद्धीसोबत अशा चार-पाच जणांना स्वतः भेटून सांगा.

राहिलं प्रत्याभरण, म्हणजे निरोप घेणाऱ्याकडून परत येणारा प्रतिसाद. अंगठ्याचं चिन्ह म्हणजे फार तर ‘पाहिलं’. समजलं का ते पाहायचं तर मजकूर वाचल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असा प्रश्न विचारा: ‘कोणती कागदपत्रं आणणार?’ दोघातिघांनी एकच शंका काढली तर मजकुरातच खोट आहे. एकेकट्याला उत्तरं देत बसू नका. मजकूर दुरुस्त करा, वर ‘सुधारित’ आणि तारीख लिहून सगळ्यांना पुन्हा पाठवा, आणि जुना काढून टाका.