ब्राउझरच्या पट्टीवरची नको असलेली चिन्हं कशी काढावीत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ऑनलाइन केंद्रांत जमिनीचा उतारा काढायला किंवा सेवा सिंधूवर, म्हणजे कर्नाटक सरकारच्या ऑनलाइन सेवांच्या पोर्टलवर, अर्ज भरायला एकच कॉम्प्युटर दिवसभर अनेकजण हाताळतात. कुणी पीडीएफ जोडायचं, कुणी भाषांतराचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) टाकून जातं आणि पत्त्याच्या चौकटीशेजारी चिन्हांची गर्दी होते.

चिन्ह लपवणं आणि एक्स्टेन्शन काढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. लपवलेलं एक्स्टेन्शन चालूच राहतं, आणि परवानगी असेल तर उघडलेली पानंही वाचतं. जिथे लोकांचे आधार क्रमांक आणि बँक खाती भरली जातात, तिथे नुसतं लपवून भागत नाही.

क्रोममध्ये चौकटीच्या उजवीकडे कोड्याच्या तुकड्यासारखं चिन्ह असतं. ते दाबलं की यादी उघडते. नावासमोरच्या पिनवर क्लिक केलं की ते चिन्ह पट्टीवरून जातं, पण एक्स्टेन्शन राहतं. पूर्ण काढायचं तर चिन्हावर राइट क्लिक करून ‘रिमूव्ह फ्रॉम क्रोम’ निवडा आणि पुढे येणाऱ्या चौकटीत पुन्हा ‘रिमूव्ह’ दाबा.

काय कशासाठी आहे हे कळत नसेल तर लगेच काढू नका. याच यादीच्या तळाशी ‘मॅनेज एक्स्टेन्शन्स’ आहे. तिथे एकेकाचं बटण बंद करा, दोन-तीन दिवस नेहमीची कामं करून बघा, काही अडलं नाही तर काढा. ‘डिटेल्स’मध्ये त्याला कोणकोणत्या साइट वाचता येतात तेही दिसतं. कन्नड-मराठी टायपिंगचं आणि डिजिटल सहीला लागणारं एक्स्टेन्शन मात्र सांभाळा. आपल्याकडे ही दोन्ही गेली की अर्ज अडलेच.

फायरफॉक्समध्ये राइट क्लिक करून ‘रिमूव्ह एक्स्टेन्शन’. एजमध्ये ‘हाइड फ्रॉम टूलबार’ने फक्त चिन्ह लपतं. घराचं चिन्ह एक्स्टेन्शन नव्हे. क्रोममध्ये ते सेटिंग्जमधल्या ‘अपिअरन्स’मधून बंद होतं.

काढलेलं चिन्ह परत आलं तर मूळ दुसरीकडे असतं. बहुतेकदा फुकट डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरसोबत आलेला एखादा प्रोग्रॅमच ते पुन्हा बसवतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’ उघडून यादी तारखेनुसार लावा आणि चिन्ह दिसू लागलं त्या सुमारास आलेला अनोळखी प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करा. कुणाचं गूगल खातं क्रोममध्ये सुरू राहिलं असेल तर त्याच्या सिंकमधूनही (खात्यातल्या गोष्टी आपोआप दुसऱ्या कॉम्प्युटरवर येण्याची सोय) एक्स्टेन्शन येतात, म्हणून गिऱ्हाइकाचं खातं काम संपताच काढून टाका. ‘रिमूव्ह’ दाबताच येत नसेल आणि ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दिसत असेल, तर शाळा-कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याला विचारा. घरच्या कॉम्प्युटरवर तसं दिसलं तर आधी अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा.

एवढ्यानंही भागलं नाही तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘रीसेट सेटिंग्ज’ आहे. त्यात सगळी एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकीज (साइटनं लॉगिन वगैरे लक्षात ठेवायला साठवलेल्या नोंदी) पुसल्या जातात, त्यामुळे प्रत्येक साइटवर पुन्हा लॉगिन करावं लागतं. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड राहतात. नंतर लागतील तेवढीच एक्स्टेन्शन हाताने चालू करा.