खोकल्याचं औषध कसं निवडावं: आधी बाटली फिरवून मागचं वाचा

औषध आणायला निघण्याआधी आजाऱ्याजवळ पाच मिनिटं बसा आणि त्याचा खोकला नीट ऐका. घसा खवखवतो, ढास लागली की लागतच राहते आणि बाहेर काही पडत नाही, तो कोरडा. छातीत घरघर वाजते, खाकरलं की बेडका सुटतो आणि सुटल्यावर जरा मोकळं वाटतं, तो कफाचा. दिवसभर ठीक आणि पाठ टेकली की सुरू, असं असेल तर नाकातलं पाणी मागच्या मागे घशात उतरतंय का, की उशिरा जेवल्यामुळे आंबट वर येतंय, ते बघा. अशा खोकल्याला सिरपपेक्षा एक जादा उशी आणि रात्री आठच्या आत जेवण जास्त उपयोगी पडतं. श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा धाप लागत असेल, तर घरी काही करत बसू नका, डॉक्टरकडे जा.

इंदूरच्या थंडीत मेडिकलसमोर दोन मिनिटं उभं राहिलं तरी ‘भैया, खाँसी की दवा दे दो’ हे वाक्य हमखास कानावर पडतं. कोणाला, कसला, किती दिवसांचा, हे विचारणारा नाही आणि सांगणाराही नाही.

बीपीची गोळी चालू असेल तर तिची पट्टी आधी तपासा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल अशी ‘प्रिल’नं संपणारी नावं असली, तर त्या गोळीनंच काहींना कोरडा खोकला लागतो, कधी कधी सुरू केल्यावर काही महिन्यांनी. त्यावर कुठलंही सिरप चालत नाही. गोळी मनानं बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते दुसऱ्या जातीची गोळी बदलून देतात.

आणखी एक समजूत आधीच करून घ्या. सर्दीमागून आलेला साधा खोकला दोन ते तीन आठवडे रेंगाळतो. पाचव्या दिवशी तो गेला नाही म्हणून कोणी घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या काढून दिल्या, तर घेऊ नका. असा खोकला बहुतेक वेळा विषाणूमुळे येतो आणि विषाणूवर त्यांचा काडीचाही परिणाम होत नाही.

घरगुती उपाय भराभर सांगते, कारण ते सोपे आहेत. झोपण्याआधी एक चमचा मध तसाच चाटवा. कोरड्या ढासेला रात्रीपुरता याच्याइतका चांगला उपाय दुसरा नाही. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या. कफ पातळ राहावा म्हणून दिवसभर कोमट पाणी, मुगाचं कढण. वाफेनं चोंदलेल्या नाकाला बरं वाटतं, छातीतला कफ मात्र त्यानं वितळत नाही, आणि लहान मुलाला उकळत्या पातेल्यावर वाकवणं तर धोक्याचंच. पातेलं कलंडायला क्षण पुरतो. इंदूरच्या सराफा खाऊबाजारातले गराडू, म्हणजे तळलेला कंद, बरं वाटेपर्यंत राहू द्या, तो तिखट मसाला आणि लिंबू खवखवत्या घशाला सोसत नाही.

मधाबद्दल एक गोष्ट मात्र ठासून सांगायची आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावू नका. मधात बोट्युलिझमच्या, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या, जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते निमूट पडून राहतात, बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. आपल्याकडे बाळगुटी मधात उगाळायची रीत आहे. ती आईच्या दुधात उगाळा, मध नको.

‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ हे वाक्यही मला मान्य नाही. इंदूरच्या सियागंज बाजारात मुलेठी म्हणून मिळतो तो ज्येष्ठमध रोज बराच खाल्ला तर बीपी वाढतं आणि अंगातलं पोटॅशियम कमी होतं. सितोपलादि चूर्णाच्या मूळ प्रमाणात ३१ भागांतले १६ भाग खडीसाखर असते, मधुमेह असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. अडुळसा खरोखर गुणी आहे. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे ॲलोपॅथीतलं कफाचं औषध तयार झालं. पण जे द्रव्य काम करतं ते त्रासही देऊ शकतं; व्हॅसिसिननं गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदर बाईनं अडुळसा घेऊ नये.

आता खरं अवघड काम, बाटली निवडण्याचं. इथे मी स्वतः चुकले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

काही वर्षांपूर्वी पौषातल्या थंडीत माझ्या सासऱ्यांना, आमच्या अप्पांना, सर्दी-खोकला झाला. वय ७४, बीपीची गोळी चालू, प्रोस्टेट वाढल्याचं माहीत होतं. सर्दीची एक गोळी ते स्वतःच घेत होते. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक सिरप आणलं. जाऊबाई दवा बाजारातून येताना दुसरं घेऊन आल्या, तेही ‘अच्छा है’ म्हणून रात्रीचं ठेवलं. दुसऱ्या रात्री दोनला उठले तर अप्पा खाटेच्या कडेला दोन्ही हात ओटीपोटावर दाबून बसलेले. चार वेळा बाथरूमला जाऊन आले होते, लघवीचा एक थेंब नाही. बेंबीखाली हात लावला तर पोट दगडासारखं. दवाखान्यात नळी घालून लघवी काढावी लागली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काय काय दिलंत? मला तीन औषधांची नावं सांगता आली, आत काय होतं ते सांगता आलं नाही.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर गोळ्यांची पट्टी आणि दोन बाटल्या ओळीनं मांडल्या आणि अप्पांचं वर्तमानपत्र वाचायचं भिंग घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली. क्लोरफेनिरामाइन तिन्हींत होतं, फेनिलेफ्रिन दोनांत. मी माझ्या हातानं एकाच माणसाला एकच औषध तीन नावांनी पाजत होते. वाढलेलं प्रोस्टेट असताना ही दोन्ही द्रव्यं लघवी अडवू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून समोरचं मोठं नाव मी वाचतच नाही. बाटली फिरवायची, ‘प्रत्येक ५ मिलीमध्ये’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ शोधायची आणि तिच्याखालची यादी वाचायची. नावं धास्ती घालणारी असली तरी घरात लागतात ती दहा-बाराच आहेत, आणि त्यांची कामं पाचच.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्राला गप्प करतं. झोप उडवणाऱ्या कोरड्या ढासेला ते चालेल. कफाच्या खोकल्यात नको, कारण खोकला दाबला की कफ आतच साचतो. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये, दोन्ही मिळून गंभीर त्रास होऊ शकतो. कोडीनही खोकला दाबणारंच, पण ते अफूच्या कुळातलं आहे. चिठ्ठीशिवाय मागू नका, कोणी दिलं तरी घेऊ नका, आणि १२ वर्षांखाली तर नाहीच.

ब्रोमहेक्सिन, अँब्रॉक्सॉल, ग्वायफेनेसिन ही कफ पातळ करून सुटायला मदत करणारी. यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको, आणि सोबत पाणी प्यायलं नाही तर तेवढाही उपयोग होत नाही.

क्लोरफेनिरामाइन आणि डायफेनहायड्रामाइन नाकाचं पाणी कमी करतात आणि झोप आणतात. घेतल्यावर गाडी चालवू नका. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर विचारल्याशिवाय नको.

फेनिलेफ्रिन चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी घालतात. बीपी असणाऱ्यांनी याच्यापासून लांबच राहावं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीनं एकमतानं सांगितलं की, तोंडानं घेतलेलं फेनिलेफ्रिन नेहमीच्या मात्रेत नाक मोकळं करत नाही. उपयोग नाही आणि धोका आहे, मग घ्यायचं कशाला?

साल्ब्युटामॉल, लेव्होसाल्ब्युटामॉल, टर्ब्युटालिन श्वासनळ्या रुंद करतात. ही दम्याची औषधं आहेत. छातीत शिट्टी वाजत नसेल तर यांनी फक्त हात थरथरतात आणि छाती धडधडते. आपल्याकडच्या कितीतरी सिरपांत मात्र ती सरसकट असतात.

सगळ्यात जास्त फसवतं ते नावापुढचं अक्षर. एकाच नावाची बाटली, पुढे एकदा ‘डी’, एकदा ‘एलएस’, आणि आतलं औषध पार निराळं, एक खोकला दाबणारं तर दुसरं कफ काढणारं. ‘मागच्या वेळचंच द्या’ म्हणून मागच्या वेळचं मिळेलच असं नाही. जुन्या बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि काउंटरवरच ताडून बघा. शक्यतो एकच द्रव्य असलेलं औषध मागा. दुकानदार चार द्रव्यांची बाटली पुढे करेल. शांतपणे परत द्या आणि पुन्हा मागा. कफ सोडवणारं आणि खोकला दाबणारं एकाच बाटलीत असेल तर ती मी घेत नाही. सर्दीची गोळी चालू असेल तर तिच्यातलं एकही नाव सिरपात येता कामा नये.

मात्रा बाटलीच्या झाकणानं किंवा मापानं, डोळ्यांसमोर धरून मोजा. स्वयंपाकघरातला चमचा नको.

मुलांचं वेगळं सांगायला हवं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याच्या सिरपानं वीसहून अधिक लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. तपासणीत त्या सिरपात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकोल निघालं. चालतं ते ०.१ टक्क्यापर्यंत. हे विष गोड असतं आणि बाटलीच्या यादीत त्याचं नाव नसतं, म्हणजे मी वर सांगितलेलं सगळं वाचूनही ते सापडलं नसतं. म्हणून माझं मत पक्कं आहे: ज्या औषधाची मुलाला गरजच नाही ते घरात आणू नका. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाची सूचनाही तीच आहे, दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिनची जोडी चार वर्षांखाली द्यायची नाही, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश २०२३ मध्येच निघाला होता. वर्षावरच्या मुलाला मध, कोमट पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब एवढं बहुतेक वेळा पुरतं. आणि सिरप दिलेल्या मुलाची लघवी कमी झाली किंवा बंद झाली, तर सकाळची वाट बघू नका, बाटली सोबत घेऊन इस्पितळ गाठा.

मूल शांत असताना किंवा झोपलेलं असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०. श्वास इतके किंवा जास्त असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो.

मोठ्यांनीही थुंकीत रक्त, छातीत दुखणं, तीन दिवसांहून जास्त ताप, यांपैकी काहीही दिसलं तर सिरप बंद करून डॉक्टर गाठावा. वजन उतरत असेल, रात्री घामानं अंथरूण भिजत असेल किंवा खोकला दोन आठवडे ओलांडून गेला असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्याच. बहुतेकांना काही निघत नाही, पण टीबी दोन सिरपांमागे लपून महिनाभर घरात सगळ्यांना लागू शकतो. सरकारी केंद्रावर ही तपासणी आणि उपचार मोफत आहेत. इंदुरात त्यासाठी मनोरमाराजे टीबी हॉस्पिटल आहे. लोक लाजतात, तिथे कोणी बघेल म्हणतात. लाजू नका. नमुना देताना तोंडातली लाळ देऊन चालत नाही. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा, दोन-तीन खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून आलेला घट्ट बेडका डबीत टाकून झाकण गच्च लावा.