सड्यावरून आकाशातल्या लाटा टिपताना

देवगडजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची आंब्याची कलमं आहेत. मोहोराच्या दिवसांत राखणीला रात्री तिथेच असतो, आणि कॅमेरा सोबत असतो.

चंद्र नसतानाही आकाश पूर्ण काळं नसतं. दिवसा उन्हाने फुटलेला ऑक्सिजन रात्री पुन्हा जुळतो आणि साधारण ९५ किलोमीटरवर फिकट हिरवा उजेड देतो. खाली वादळी ढगांनी किंवा सह्याद्रीवर आदळलेल्या वाऱ्याने हवा वर ढकलली जाते, वजनाने खाली येते, पुन्हा उसळते. ही लहर वर चढते तशी विरळ हवेत मोठी होते आणि त्या उजेडात पट्टे उमटतात. या गुरुत्व लहरी. कृष्णविवरांच्या गुरुत्वीय लहरी वेगळ्या. कोल्हापुरात भूचुंबकत्व संस्थेने पूर्ण आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याने असाच उजेड अभ्यासला आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अवसेच्या आगेमागे बसा. पश्चिमेला ट्रॉलरचे दिवे नडतात, म्हणून कॅमेरा डोक्यावर रोखा. १४ मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर २.८, आयएसओ ३२००, २० सेकंद, रॉ फोटो. फोकस ठळक ताऱ्यावर हाताने करा. दर ३० सेकंदांनी एक असे तासभर फोटो घ्या आणि त्यांचा व्हिडिओ करून पाहा. डोळ्यांना न दिसलेले पट्टे सरकताना दिसतील.

खरा शत्रू दव. मतलई वारा पडला की लेन्सवर चढतं. पहिल्या वर्षी माझी अख्खी रात्र त्यात गेली: तारे फुगले, भोवती हिरवट वलयं आली, आणि मी त्यालाच लहर समजलो. आता लेन्सला पॉवर बँकवरचा हीटरचा पट्टा बांधतो. ढगाची शंका आली तर तारे पाहा. ढगामागे ते विझतात, लहरीच्या पट्ट्यात तसेच टोकदार राहतात.

मोजायला मृग नक्षत्र घ्या. त्यातल्या काक्षी आणि राजन्य या दोन ठळक ताऱ्यांत सुमारे १९ अंशांचं अंतर आहे. नक्षत्र माथ्याजवळ असताना दोन पट्ट्यांत तेवढंच अंतर दिसलं, तर लहर साधारण ३० किलोमीटरची. दहा मिनिटांत एक पट्टा पुढच्याच्या जागी पोचला, तर वेग ताशी १८० किलोमीटर.

कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी सेकंदापर्यंत जुळवा. घाटावरच्या कुणी त्याच वेळी तीच लहर टिपली असेल, तर दोन्ही फोटोंतल्या ताऱ्यांवरून तिची उंचीही काढता येते.