घरचा व्हीपीएन बाहेरून चालेना? या चुका टाळा

"मामा, व्हीपीएन लागलाय की. किल्लीचं चिन्ह पण दिसतंय. पण एक पान उघडेना झालंय बघा."

पुण्याला शिकणाऱ्या भाच्याचा फोन. आमचं घर बेळगावात, टिळकवाडीत. टीव्हीमागं रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक आहे (आम्ही नुसतं 'पाय' म्हणतो), त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर. लॉजच्या नाहीतर हॉस्टेलच्या वाय-फायवर बसलं तरी नेट आधी बंद बोगद्यातून घरी येतं आणि तिथून पुढं जातं. कोल्हापूर-पुणे-पणजी अशा आमच्या खेपा सारख्या चालू, त्यामुळं ही सोय फार कामाची. बिघडते मात्र नेमकी घरापासून लांब असताना.

भाच्याची चूक नेहमीचीच. किल्लीचं चिन्ह दिसलं म्हणजे जोडणी झाली, असं नसतं. वायरगार्ड मुलखाचा मुका. की (जोडणीची गुप्त किल्ली) चुकली, पोर्ट (राउटरवरचं आत यायचं दार) बंद असला, तरी एरर देत नाही, गप्प बसतो. म्हणून पहिल्यांदा ॲपमध्ये 'लेटेस्ट हँडशेक' बघायचा, म्हणजे फोन आणि घर यांनी एकमेकांना शेवटचं कधी ओळखलं ते. हँडशेकच नसेल तर घोळ की, पत्ता किंवा पोर्टात. हँडशेक ताजा असून पान उघडत नसेल तर घोळ पायच्या आत, नाहीतर डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सोयीत. एवढी वाटणी कळली की निम्मं काम झालं.

हँडशेक न होण्याचं सगळ्यात मोठं कारण कुणी आधी बघतच नाही: तुमच्या घराला नेटवर स्वतःचा पत्ता, म्हणजे पब्लिक आयपी, आहे का? राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी बघा, मग 'माझा आयपी' दाखवणारी एखादी वेबसाइट उघडा. दोन्ही आकडे वेगळे, आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागं आहात, म्हणजे नेटवाल्यानं एकच पत्ता अनेक घरांत वाटलाय. वाड्यात बिऱ्हाडं दहा आणि दिंडी दरवाजा एकच, तसा प्रकार. बाहेरून आलेल्याला तुमचं दार सापडणारच नाही. मग वायरगार्डचा नेहमीचा ५१८२० चा यूडीपी पोर्ट राउटरवरून पायकडं कितीही फॉरवर्ड करा, पालथ्या घड्यावर पाणी. मी स्वतः यात दोन रविवार घालवलेत. नेटवाल्याला पब्लिक आयपी मागायचा, थोडे पैसे जातात. नाहीतर टेलस्केल ही दुसरी व्हीपीएन सेवा घालून घरच्या पायला 'एक्झिट नोड', म्हणजे नेटवर बाहेर पडायचं दार, करायचं. त्यात जोडणी घरातून बाहेर निघते, म्हणून पोर्ट उघडावा लागत नाही. पाय विकत घ्यायच्या आधी ही तपासणी करा, नंतर नको.

पब्लिक आयपी मिळाला तरी तो कायमचा नसेल तर बदलत राहतो, म्हणून डायनॅमिक डीएनएस लागतं, म्हणजे बदलता पत्ता एका ठरलेल्या नावाला जोडून ठेवणारी सोय. त्यातही एक खोच आहे. त्या नावाचा पत्ता वायरगार्ड सहसा बोगदा सुरू होतानाच शोधतो. घरी करंट जाऊन आला, आयपी बदलला, तर फोन जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसतो. बोगदा बंद करून परत चालू करा, लागतो.

आता कोल्हापूरच्या एका लॉजमधली गंमत. घरचा कॅमेरा बघायला १९२.१६८.१.२० उघडलं, तर समोर प्रिंटरचं पान! शाई संपत आलीय म्हणून लाल पट्टी. लॉजचं नेटवर्कही १९२.१६८.१ चंच होतं, आणि फोन जवळची वाट धरतो. घरच्या राउटरवर पत्त्यांचा पट्टा बदलून १९२.१६८.७७ केला, पुन्हा हा घोळ झाला नाही.

याहून वाईट चूक अशी, की सगळं चालू दिसतं पण नेट बोगद्यातून जातच नाही. कुठल्या पत्त्यांचं नेट बोगद्यातून जावं ते फोनवरच्या वायरगार्डच्या 'अलाउड आयपीज'मध्ये ठरतं. तिथं फक्त घरचा पट्टा लिहिला, तर कॅमेरा दिसेल, पण बाकी सगळं लॉजच्याच वाय-फायवरून जाईल. तिथं ०.०.०.०/० (म्हणजे सगळे पत्ते) पाहिजे, आणि सोबत नव्या पद्धतीच्या आयपीव्ही६ पत्त्यांसाठी ::/० सुद्धा. हे दुसरं विसरलं तर आयपीव्ही६ बाहेरून सुटतं. खात्रीसाठी तीच 'माझा आयपी' वेबसाइट: बोगदा चालू असताना घरचाच आकडा दिसला पाहिजे. डीएनएसही घरचा द्या, नाहीतर कुठल्या साइटी उघडल्या ते लॉजच्या राउटरला कळत राहील.

एकच की दोन फोनांत घालू नका. दोन्ही चालू झाले की एकमेकांना ढकलत बसतात. काही साइटी अर्ध्यात अडकत असतील तर एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या पुडक्याचा आकार) १४२० वरून १२८० करून बघा. वेगाबद्दल तक्रार करू नका. घरचा अपलोड असेल त्याहून जास्त बाहेर मिळणार नाही.

भाच्याचा हँडशेक मिनिटभरापूर्वीचा निघाला. म्हणजे घोळ माझ्याकडं. जुलैच्या पावसात एका दिवसात चारदा करंट गेला, पायचं एसडी कार्ड खराब झालं, आणि मी सगळं नव्यानं बसवलं होतं. घरच्याच वाय-फायवरून पायचं पान उघडून बघितलं, उघडलं, झालं म्हटलं. पण पायपर्यंत पोचणं वेगळं आणि पायमधून पुढं जाणं वेगळं. त्याला आयपी फॉरवर्डिंग (आलेलं नेट पुढं पाठवायची सेटिंग) चालू पाहिजे, ते राहिलं होतं. शिवाय नॅटचा नियम (बोगद्यातलं नेट पायच्या पत्त्यानं बाहेर पाठवायचा) कुठून तरी उतरवलेला, त्यात 'ईटीएच०', म्हणजे वायरची जोडणी, लिहिलेलं. आमचा पाय वाय-फायवर, म्हणजे 'डब्ल्यूलॅन०'. दोन ओळी बदलल्या.

"लागलं काय रे?"

"लागलं की मामा."

त्याच संध्याकाळी राउटर, फायबरचा डबा आणि पाय तिन्ही इन्व्हर्टरवर घेतले. आता काहीही बदललं की घरचं वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावर बघूनच उठतो.