वॉर्डात मुलाला फिट आली तर कोणतं औषध, किती आणि कधी

पीडियाट्रिक वॉर्डात नवीन ड्युटी लागलेल्या इंटर्न आणि सिस्टरसाठी लिहितोय. फिट आली की सगळे धावतात पण घड्याळ कुणीच बघत नाही, म्हणून आधी वेळ मोठ्याने सांगा. मुलाला कुशीवर घ्या, तोंडात काही घालू नका, सक्शन आणि ऑक्सिजन लावा, आणि शुगर लगेच बघा, ती कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज दिल्याशिवाय फिट थांबणार नाही.

बऱ्याच फिट आपोआप थांबतात, पण पाच मिनिटं झाली की वाट बघायची नाही. शिरेत लाइन असेल तर लोराझेपाम किलोला ०.१ एमजी, जास्तीत जास्त ४ एमजी, हळू. लाइन नसेल तर शिर शोधत बसू नका, मिडाझोलाम नाकात किंवा मांडीत, किलोला ०.२ एमजी, जास्तीत जास्त १० एमजी. इथे अँप्युल नीट वाचा, कारण मिडाझोलाम १ एमएलला १ एमजी आणि १ एमएलला ५ एमजी असं दोन्ही मिळतं. मूल १२ किलोचं असेल तर डोस २.४ एमजी, म्हणजे पहिल्यातलं २.४ एमएल आणि दुसऱ्यातलं जेमतेम अर्धा एमएल, गडबडीत अदलाबदल झाली तर डोस पाचपट चुकतो. नाकात द्यायला ५ वालंच घ्या, दोन्ही नाकपुड्यांत निम्मं निम्मं.

श्वास बंद पडेल या भीतीने बरेच जण अर्धा डोस देतात, प्लीज असं करू नका. अपुऱ्या डोसने फिट चालूच राहते, आणि जितकी लांबते तितकी ती औषधाला दाद देत नाही, श्वासही त्यानेच बिघडतो. हाताने श्वास द्यायची अँबू बॅग उशाशी ठेवा आणि पूर्ण डोस द्या. पाच मिनिटांत थांबली नाही तर अजून एकदाच, आणि घरी किंवा अँब्युलन्समध्ये दिलेला डोसही धरायचा.

दुसरा डोस देतानाच पुढचं औषध भरायला सांगा, सिनियरला तर पहिल्या डोसलाच फोन गेलेला असावा. लेव्हेटिरासेटाम किलोला ४० ते ६० एमजी, फॉस्फेनिटोइन २० एमजी किंवा व्हॅल्प्रोएट ४० एमजी. या तिन्ही औषधांची तुलना करणाऱ्या २०१९ च्या एसेट ट्रायलमध्ये तिन्ही साधारण सारखीच ठरली, प्रत्येकाने निम्म्याच्या आसपास पेशंटची फिट थांबवली, त्यामुळे कोणतं यावर वाद घालत वेळ घालवू नका, हाताशी आहे ते द्या. फक्त लिव्हरचा आजार किंवा मेटाबॉलिक आजाराची शंका असेल तर व्हॅल्प्रोएट नको. साधं फेनिटोइन असेल तर ते नॉर्मल सलाईनमध्येच, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे कण होतात, आणि मॉनिटर लावून मिनिटाला किलोमागे १ एमजीपेक्षा जोरात नाही, म्हणजे किलोला २० एमजीच्या डोसला किमान २० मिनिटं. लाइन शिरेबाहेर गेली तर हात काळानिळा पडतो, म्हणून आधी सलाईन ढकलून बघा.

नवजात बाळाचं वेगळं, तिथे सुरुवात फेनोबार्बिटोनने, किलोला २० एमजी.

एवढ्यानेही थांबली नाही तर मूल पीआयसीयूत, म्हणजे मुलांच्या आयसीयूत, मिडाझोलामची इन्फ्युजन आणि श्वासनळीत ट्यूब टाकायची तयारी ठेवून.